गाईड निवडताना पेपर मोजावेत की वाचावेत? मेडिसिनल केमिस्टच्या वाटचालीविषयी

सोलापुरातून सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पीएच.डी.साठी दोन गाईड घ्यायला तयार आहेत. दोघंही मेडिसिनल केमिस्ट्रीत, म्हणजे नवे औषधी रेणू घडवण्याच्या शास्त्रात, काम करतात. एका सरांचे १८० पेपर, एच-इंडेक्स ३४, शिवाय ‘जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत नाव. दुसऱ्या मॅडमचे ३१ पेपर, एच-इंडेक्स १३. घरचे, मैत्रिणी, कॉलेजातले शिक्षक, सगळे सरांकडेच जा म्हणतात. या आकड्यांवरून काम ओळखता येतं का? आणि चिंचोली एमआयडीसीत एका औषध कंपनीत नोकरी मिळते आहे, तिचं काय करावं?

आधी मत सांगते, कारणं मागून देते. एवढ्या आकड्यांवर सरांना हो म्हणू नका आणि मॅडमना नाहीही म्हणू नका. मेडिसिनल केमिस्टच्या कामाचा कस एकाच ठिकाणी लागतो. त्याने बनवलेला रेणू, किंवा तो बनवताना त्याला जे कळलं ते, पुढे दुसऱ्या कुणाच्या उपयोगाला आलं का? हे एच-इंडेक्समध्ये दिसत नाही, पण पेपर उघडून बसलं तर एका दुपारी दिसतं. माझं शिक्षण सोलापुरातच झालं, पुढे बरीच वर्षं हैदराबाद आणि पुण्यात औषधशोधाच्या प्रयोगशाळांत काम केलं, आता प्रबंध तपासायला माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून ही दुपार कशी घालवायची ते सांगते.

एच-इंडेक्स होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. मॅडमचा १३ म्हणजे त्यांच्या किमान १३ पेपरांना प्रत्येकी किमान १३ सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ, आहेत. त्यातल्या एकाला चारशे असतील तरी आकडा १३च राहतो. तो वयाबरोबर वाढतो, विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर वाढतो, सहलेखक वाढले की वाढतो, आणि पुढे काहीही न केलं तरी कमी होत नाही. विद्यापीठाच्या विभागात मोठा गट घेऊन बसलेल्या प्राध्यापकांची आणि कॉलेजात आठवड्याला १६ तासिका घेऊन उरलेल्या वेळात एक-दोन विद्यार्थ्यांना काम देणाऱ्या प्राध्यापिकेची तुलना या आकड्यावर करणं अन्यायाचं आहे. सरांच्या १८० पेपरांमागे किती हात होते आणि मॅडमच्या ३१ मागे किती, हे आधी विचारा.

आता सायटेशनकडे या, कारण खरी गोम तिथे आहे. समजा एका गटाने थायाझोल या वलयाची वीस नवी संयुगं बनवली, जिवाणूंवर तपासली आणि पेपर छापला. दोन वर्षांत त्याला चाळीस सायटेशन्स मिळाली. ते चाळीस पेपर उघडले तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य असतं: ‘थायाझोल असलेली संयुगं जिवाणूरोधक, बुरशीरोधक, कर्करोगरोधक, दाहशामक असे विविध गुणधर्म दाखवतात’, आणि त्यापुढे कंसात १२ ते २७ असे संदर्भ एका दमात दिलेले. आपला पेपर त्या सोळांतला एक. तो वाचला गेला असेलच असं नाही, शीर्षक बघून उचलला गेला असेल. आमच्या क्षेत्रातली खूपशी सायटेशन्स या जातीची असतात. त्यात कुणाची फसवणूक नाही, पण कुणाला त्या कामाचा उपयोग झाला असा पुरावाही त्यात नाही.

दुसऱ्या जातीचं सायटेशन असं असतं: ‘या गटाने दिलेलं ७सी हे संयुग आम्ही सुरुवातीचा बिंदू म्हणून घेतलं’. किंवा ‘त्यांची पद्धत वापरून हे मधल्या टप्प्याचं संयुग बनवलं, उतारा (यील्ड) ८२ टक्के मिळाला’. किंवा ‘त्यांनी नोंदवलेली क्रिया आम्हाला पुन्हा मिळाली’. हे वाक्य पेपरच्या मध्यात किंवा प्रयोगाच्या भागात सापडतं, आणि लिहिणाऱ्याने तुमच्या गाईडचं काम स्वतःच्या टेबलावर करून बघितलेलं असतं. असं एक सायटेशन मला पहिल्या जातीच्या पन्नासांपेक्षा मोलाचं वाटतं.

हे शोधणं अवघड नाही. गुगल स्कॉलरवर दोघांचं पान उघडा. प्रत्येकाचे सर्वाधिक सायटेशन्सचे पाच पेपर घ्या, त्यातले आढावा पेपर बाजूला ठेवा, कारण आढाव्याला सायटेशन्स नेहमीच जास्त मिळतात. उरलेल्या पेपरांपुढच्या सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केलं की ज्यांनी संदर्भ दिला ते सगळे पेपर समोर येतात. त्यातले जमतील तेवढे उघडा, गाईडचं आडनाव शोधा, आणि ते कोणत्या वाक्यात आलं आहे ते वहीत लिहून काढा. संध्याकाळपर्यंत तुम्हाला दोघांबद्दल जे कळेल ते त्यांच्या बायोडेटात कुठेही लिहिलेलं नसेल.

आपल्या शास्त्रातली दोन पेपरांची जोडी मला नेहमी आठवते. दोन्ही १९९७ ची. पहिला क्रिस्टोफर लिपिन्स्की आणि सहकाऱ्यांचा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ड्रग डिलिव्हरी रिव्ह्यूज’मधला. रेणूभार ५००च्या आत, लॉगपी (रेणूच्या तेलकटपणाचं माप) ५च्या आत, हायड्रोजन बंध देणारे गट ५ पेक्षा जास्त नकोत, घेणारे १० पेक्षा जास्त नकोत, हा पाचाचा नियम त्यात आहे. तो पेपर हजारो वेळा उद्धृत झाला, आजही होतो. त्यात नवा रेणू एकही नाही. दुसरा बासेलच्या युर्ग झिमरमान यांच्या गटाचा, ‘बायोऑरगॅनिक अँड मेडिसिनल केमिस्ट्री लेटर्स’मधला. या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर कधीच डोळे दिपवणारा नव्हता. पण त्या छोट्या पेपरात फेनिलअमिनोपिरिमिडीनची जी मालिका आहे तिच्यातून इमॅटिनिब हे औषध आलं, आणि मे २००१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांचं आयुष्य त्या गोळीने पालटलं. सायटेशन्सच्या हिशेबात हा पेपर लिपिन्स्कींच्या जवळपासही जात नाही.

त्या मालिकेत काय घडलं ते बघण्यासारखं आहे, कारण मेडिसिनल केमिस्टचं काम म्हणजे काय ते तिथे कळतं. सुरुवातीचा रेणू प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्याच विकराला (एन्झाइमला) अडवणारा होता. बेंझिन वलयावर अमिनो गटाच्या शेजारच्या जागी एक मिथिल गट बसवला आणि त्या विकरावरची क्रिया गेली, या ल्युकेमियामागच्या एबीएल कायनेज या विकरावरची टिकली. एका मिथिलमुळे रेणूचा पीळ बदलला आणि त्याबरोबर त्याचं लक्ष्यही. पुढे पाण्यात विरघळत नव्हता म्हणून एन-मिथिल पिपरेझिन जोडलं. प्रत्येक बदलामागे एक प्रश्न होता आणि प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न निघाला. तुमच्या दोन्ही गाईडच्या पेपरांत हे शोधा. वीस संयुगांच्या तक्त्यात क्लोरो, ब्रोमो, मिथॉक्सी, नायट्रो हे नुसते बाजारात मिळाले म्हणून बसवले आहेत, की आधीच्या पेपरात क्लोरोने क्रिया वाढली म्हणून पुढच्यात तिथे ट्रायफ्लुरोमिथिल नेऊन बघितलं आहे? दुसरी गोष्ट दिसली तर त्या संशोधकाला धागा आहे असं समजा. ३१ पेपरांत असा एक धागा असेल तर ते १८० सुट्या पेपरांपेक्षा मोठं काम आहे, हे मी कुणापुढेही म्हणेन.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल थोडक्यात. तो जर्नलचा असतो, पेपरचा नव्हे आणि माणसाचा तर नव्हेच. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. नेमणूक आणि बढतीत तो वापरू नये असं सांगणारं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचं आवाहन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे मुलाखतीला अजून तोच विचारतात, म्हणून त्याची माहिती ठेवा, पण गाईड त्यावर निवडू नका. औषधाच्या बाबतीत तर दोन वर्षांची खिडकी अगदीच अपुरी आहे.

किती अपुरी, ते सोलापूरकराला मेटफॉर्मिनवरून सांगते. आपल्याकडे तामलवाडीला अमाइन्स बनतात. त्यातलं डायमिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड डायसायनडायअमाइडबरोबर तापवलं की मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड मिळतं. मधुमेहाच्या ज्या गोळ्या आपल्या प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी घेतं, त्यांची मूळ रासायनिक क्रिया एवढीच. हा रेणू डब्लिनच्या वर्नर आणि बेल यांनी १९२२ मध्ये बनवून छापला. १९२९ मध्ये त्याचा साखर उतरवणारा गुण प्राण्यांत दिसला. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी माणसांवरचे निष्कर्ष दिले ते १९५७ मध्ये, आणि अमेरिकेत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. क्षयावरचं आयसोनियाझिडही असंच. ते १९१२ मध्ये प्रागमध्ये मेयर आणि माली यांनी प्रबंधाच्या कामात बनवलं, आणि क्षयाच्या जंतूवर ते चालतं हे कळलं पन्नाशीच्या सुरुवातीला, तेही एकाच सुमारास तीन कंपन्यांना. १९२४ साली कुणी वर्नर-बेल यांच्या त्या पेपरचा दोन वर्षांचा हिशेब मांडला असता तर हाती काय लागलं असतं? त्यांनी रेणू नीट बनवला, नीट शुद्ध केला, नीट लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना तो वापरता आला. प्रबंधातलं प्रायोगिक प्रकरण लिहिताना हे मनात ठेवा. उद्या कोण ते उघडेल याचा नेम नसतो.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर लखनौच्या सीडीआरआय या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे डॉ. नित्या आनंद यांचं घ्या. त्यांच्या गटाने साठ-सत्तरच्या दशकांत सेंटक्रोमन हा हार्मोनविरहित गर्भनिरोधक रेणू घडवला. १९९१ मध्ये तो ‘सहेली’ नावाने बाजारात आला, आणि आज सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. पहिले तीन महिने आठवड्याला दोन गोळ्या, मग आठवड्याला एक. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटच्या आशाताईंना हे नाव पाठ आहे. त्यांना त्यामागच्या पेपरांचा एच-इंडेक्स कुणी विचारत नाही, तरी या कामाचा परिणाम त्यांच्या रजिस्टरात आठवड्या-आठवड्याला नोंदला जातो.

आता पेपरातला तक्ता कसा वाचायचा ते सांगते, कारण पीएच.डी.ची चार-पाच वर्षं तुम्ही असेच तक्ते बनवणार आहात. जिवाणूंवरच्या चाचणीत नुसता ‘झोन ऑफ इनहिबिशन’, म्हणजे संयुगाभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, मिलिमीटरमध्ये दिला असेल तर थांबा. जिवाणू वाढवायच्या जेलीत, म्हणजे अगारमध्ये, रेणू किती पसरतो यावर झोनचा आकार अवलंबून असतो. तेलकट रेणू पसरत नाही, तेव्हा तो ताकदीचा असला तरी झोन लहान येतो. म्हणून एमआयसी हवं, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी संहती. ते दिलं असेल तर आकडा बघा. मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅम लागणाऱ्या संयुगाला ‘उत्कृष्ट क्रिया’ म्हटलं असेल तर तो लेखक वाचकाला गृहीत धरतो आहे. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रमाण औषध त्याच प्लेटवर, त्याच दिवशी तपासलेलं आहे का? एककही बघा. आयसोनियाझिडचा रेणूभार १३७, बेडाक्विलिनचा ५५५. दोघांचं एमआयसी मायक्रोग्रॅममध्ये सारखं दिसलं तरी रेणूंच्या संख्येत चौपटीचा फरक असतो. म्हणून वेगवेगळ्या वजनाच्या संयुगांची तुलना मायक्रोमोलरमध्ये करतात. (जाता जाता: बेडाक्विलिन पाचाच्या नियमात बसत नाही, तरी बहुऔषधप्रतिरोधी क्षयावर ते चालतं. नियम लिहिणाऱ्यांनीही त्याला कायदा म्हटलं नव्हतं.)

कर्करोगाच्या पेशींवरचं काम असेल तर निरोगी पेशींवरही तपासलं आहे का ते बघा. जे सगळ्याच पेशी मारतं त्याला औषध म्हणता येत नाही. शुद्धता कशी ठरवली? ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ तपासलेल्या संयुगांची शुद्धता ९५ टक्के किंवा जास्त असल्याचा पुरावा मागतं. चार टक्के अशुद्धी, आणि क्रिया त्या अशुद्धीचीच, असं प्रत्यक्षात घडतं. आपल्याकडच्या अनेक पेपरांत वितळणांक आणि एक प्रोटॉन एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट, म्हणजे स्पेक्ट्रम) एवढ्यावर भागवलेलं असतं. पूरक माहितीतला स्पेक्ट्रम मोठा करून बघा. इथिल अ‍ॅसिटेटची शिखरं, पाण्याचं शिखर, तळरेषेवर गवतासारखी बारीक शिखरं दिसली तर त्या प्रयोगशाळेत शुद्धीकरणाचा कॉलम कसा चालतो ते कळतं. स्पेक्ट्रम जोडलेलेच नसतील तर तेही कळलं.

काही सांगाडे सगळ्याच चाचण्यांत होकार देतात. जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा संयुगांची यादी छापली, तिला आम्ही पेन्स म्हणतो. रोडानीन त्यातलं प्रसिद्ध. ते प्रथिनांशी वाट्टेल तशी अभिक्रिया करतं, काही चाचण्यांत स्वतःच रंग दाखवतं, आणि संशोधकाला वाटतं की मासा लागला. हळदीतल्या कर्क्युमिनवर २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त सविस्तर आढावा आला. ते अस्थिर आहे, शरीरात फारसं शोषलं जात नाही आणि चाचण्यांना चकवतं, असं त्यात सप्रमाण मांडलं आहे. हळद आपल्या जेवणात राहू द्या, पण २०१७ नंतरही एखादा गट कर्क्युमिनचे किंवा रोडानीनचे पेपर या आक्षेपांचा उल्लेखही न करता छापत असेल तर तो गट वाचत नाही. डॉकिंगचंही, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल ते संगणकावर बघण्याचंही, तसंच. ‘उणे ९.२ किलोकॅलरी’ हा संगणकाने बांधलेला अंदाज आहे. संयुगं बनवून, तपासून झाल्यावर शेवटी सजावटीला डॉकिंगचं रंगीत चित्र जोडलं असेल तर त्याला महत्त्व देऊ नका. डॉकिंग आधी केलं, त्यावरून कोणती संयुगं बनवायची ते ठरवलं आणि अंदाज चुकला तेही लिहिलं, असा पेपर मिळाला तर त्या गाईडला भेटायला लगेच जा.

दोन टक्क्यांच्या यादीबद्दल वर्तमानपत्रांत अभिनंदनाच्या चौकटी येतात, म्हणून जरा खुलासा. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस यांच्या गटाने स्कोपस या संशोधन-पेपरांच्या माहितीसाठ्याच्या नोंदींवरून बनवलेली ही यादी आहे. तिचे दोन तक्ते असतात: एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा एका वर्षाचा. बातमीत कोणता ते बहुधा सांगत नाहीत. एका वर्षाच्या तक्त्यात येणं आणि कारकिर्दीच्या तक्त्यात येणं यांत पुष्कळ अंतर आहे. यादीचा सगळ्यात उपयोगी भाग मात्र कुणी बघत नाही. स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशन्सचं प्रमाण तिथे वेगळ्या रकान्यात असतं, आणि ती वगळून क्रमांक काय येतो तेही. यादी मोफत उतरवून घेता येते. सरांच्या ओळीवर जा आणि तो रकाना वाचा. धागा धरून काम करणाऱ्याला स्वतःचे आधीचे पेपर उद्धृत करावेच लागतात, तेव्हा थोडं प्रमाण असणं साहजिक आहे. शेजारच्यांपेक्षा ते बरंच जास्त असेल तर विचार करा. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचवरही दोघांची नावं घालून बघा. मागे घेतलेला एखादा पेपर म्हणजे गुन्हा नव्हे, चूक कबूल करून मागे घेणारे चांगले संशोधक असतात. पण कारण काय दिलं आहे ते वाचा: ‘प्रतिमा दुसऱ्या पेपरातली’ किंवा ‘समीक्षा-प्रक्रियेत फेरफार’ असं असेल तर तिथे जाऊ नका.

कागदावरचं झालं. यापुढचं प्रत्यक्ष जाऊन बघायचं. सोलापुरात काम करताना खरी अडचण यंत्रांची आणि जैविक चाचण्यांची असते. एनएमआर आणि मास (रेणूभार मोजणारी चाचणी) यांचे नमुने पुण्याला, कोल्हापूरला किंवा चंदीगडच्या सैफ या उपकरण केंद्राला पाठवावे लागतात, निकाल यायला वेळ लागतो. तेव्हा दोन्ही प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा: तुमचे नमुने कुठे जातात, पैसे कोण भरतं, कच्ची फाइल तुम्हाला मिळते की नुसता छापील कागद? कच्ची फाइल स्वतः उघडून शिखरांचा हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्याला मुलाखतीत कुणी अडवू शकत नाही. चाचण्या कोण करतं? जवळच्या फार्मसी कॉलेजशी किंवा पुण्यातल्या एखाद्या संस्थेशी खरं सहकार्य आहे, की पैसे भरून खासगी लॅबकडून तक्ता आणायचा? सरांच्या १८० पेपरांत त्यांच्याच विद्यार्थ्याचं नाव पहिलं येतं का, आणि तो विद्यार्थी आज कुठे आहे? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवते. गाईडचा परिणाम त्याच्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत आधी दिसतो. मॅडमच्या तीन विद्यार्थ्यांपैकी दोघं औषधशोधात काम करत असतील आणि सरांच्या वीसांपैकी एकही नसेल, तर निवड अवघड राहत नाही. उलटंही असू शकतं. सरांचा गट मोठा असूनही शिस्तीचा, यंत्रांपर्यंत पोहोच असलेला आणि धागा धरून चालणारा निघाला तर खुशाल त्यांच्याकडे जा. मोठा गट म्हणजे वाईट गट असं माझं अजिबात म्हणणं नाही.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांपासून प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तेव्हा ‘आधी दोन पेपर कुठेतरी टाकून मोकळे होऊ’ अशी घाई कुणी तुमच्यामागे लावली तर तिचं कारण विचारा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमधला पेपर पुढच्या सगळ्या अर्जांत तुमच्याबरोबर राहतो, तो पुसता येत नाही.

पेटंटबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे आपली मुलं हमखास अडकतात. भारतात, अगदी मोजके अपवाद सोडले तर, आधी पेपर, पोस्टर किंवा प्रबंध प्रसिद्ध झाला की त्या रेणूचं नवेपण गेलं आणि पेटंटचा हक्क गेला. रेणूत दम वाटला तर आधी अर्ज, मग पेपर. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे पैशाची सबब फारशी उरलेली नाही. आणि बायोडेटात ‘पेटंट’ वाचलं की तीन गोष्टी वेगळ्या करा. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, त्याला मंजुरी म्हणत नाहीत. मंजूर पेटंट परीक्षणातून जाऊन येतं. आणि यंत्राच्या बाह्य आकाराची डिझाइन नोंदणी तर पेटंट नसतेच. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव घालून स्थिती बघता येते.

राहिली नोकरी. चिंचोलीतल्या कंपन्यांत मुख्यतः ठरलेल्या औषधाचं मूळ द्रव्य बनतं. तिथला रसायनतज्ज्ञ एकच रेणू किलोंनी आणि टनांनी, प्रत्येक बॅचला सारख्याच शुद्धतेने बनवतो. मेडिसिनल केमिस्ट शेकडो वेगळे रेणू मिलिग्रॅमांत बनवतो. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्हींत अक्कल लागते. उतारा दोन टक्क्यांनी वाढवणं, एक विद्रावक कमी करणं, अशुद्धी ०.१५ टक्क्याच्या खाली आणणं यात उत्तम रसायन आहे. त्याचे पेपर कमी निघतात कारण कंपन्या ते गुप्त ठेवतात, तरी ‘ऑरगॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट’सारखं जर्नल खास त्याच कामासाठी १९९७ पासून निघतं आहे. पीएच.डी. नसणं म्हणजे रस्ता बंद, असंही मानू नका. गर्ट्रूड एलियन यांनी पीएच.डी. पूर्ण केली नव्हती. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करून त्यांनी मर्कॅप्टोप्युरिन, अ‍ॅझाथायोप्रिन, अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं, असायक्लोव्हिरमागेही त्यांचाच गट होता, आणि १९८८ चं नोबेल जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर घेतलं.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. नोकरी संशोधन-विकास विभागातली असेल तर ती घेतली असती आणि त्याच वर्षी सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा दिली असती. तिच्यातून जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता स्वतःच्या नावावर येतो. मग गाईड निवडताना तुम्ही कुणाच्या प्रकल्पावर अवलंबून राहत नाही, हैदराबाद, पुणे, लखनौही खुलं होतं. नेट हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या समाजघटकांनुसार अधिछात्रवृत्ती आहेत, आपण कुणात बसतो ते आधीच बघून ठेवा. नोकरी उत्पादन विभागातली, तीन पाळ्यांची असेल तर अभ्यासाला वेळ राहत नाही, ती नको.

दोघांचे पाच-पाच पेपर वाचून झाल्यावर मॅडमना आणि सरांना एकेक मेल लिहा. त्यात त्यांच्या पेपरांची स्तुती नको. एका तक्त्यातलं एक संयुग घ्या आणि विचारा की अमुक जागी मेटा-क्लोरो का बनवला नाही, किंवा ४एफ या संयुगाची क्रिया एवढी का पडली. कोणाचं उत्तर येतं आणि त्यात काय लिहिलेलं असतं, ते मला कळवा. त्यावर पुढचं बोलू.